माणूस दिसता कामा नये

कंपनीचा नवा रंग पास झाला की साहेबांना बढती मिळणार होती, शिवाय खिडकीची केबिन. ज्यांनी तो रंग बनवला त्या केमिस्ट बाईंना मिळणार होता पुढचा रंग बनवायचा हुकूम.

बाईंनी इंग्रजीत रिपोर्ट लिहून आणला. साहेबांनी लाल पेन उघडलं.

"मॅडम, ओळीओळीला 'आय' कशाला? 'आय मेड' नाही, 'इट वॉज मेड'. रिपोर्टमध्ये माणूस दिसता कामा नये." बाईंनी सगळी वाक्यं निमूटपणे फिरवली. शेवटच्या ओळीत पुन्हा 'आय' दिसला, तशी साहेबांनी ती न वाचताच खोडली.

"साहेब, ती ओळ जरा..."

"आता तुम्ही मला इंग्रजी शिकवणार?"

बाईंनी रिपोर्ट सहीसाठी पुढे सरकवला. खाली एकट्या साहेबांची सही झाली.

उन्हाळा लागला आणि गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या इमारतीवरचा रंग सापाच्या कातीसारखा सुटला. कंपनीच्या मालकांनी विचारलं, "हा कोणाचा प्रताप?" साहेबांनी बाईंकडे बोट दाखवलं.

"माझं नाव कुठे आहे तेवढं दाखवा ना, साहेब," बाई म्हणाल्या.

साऱ्या रिपोर्टात नाव एकच होतं. केबिन राहिली बाजूला, साहेबांची होती ती खुर्चीही गेली.

***

खोडलेली ओळ एवढीच होती, की हा रंग मी अजून उन्हात तपासलेला नाही. तिच्यातला 'आय' काढून 'इट वॉज नॉट टेस्टेड' करणं एव्हाना बाईंच्या हातचा मळ होतं, पण तेवढं एक वाक्य त्यांनी फिरवलं नाही.