तिखटाची परवानगी

"मिक्सर नको," तो म्हणाला. "त्यात नुसतं पाणी होतं. खलबत्ता काढ."

जन्मभर बोटीवर कुक म्हणून काढलेला माणूस. घशाच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच स्वयंपाकघरात शिरला होता आणि शिरताक्षणी कप्तान झाला होता. बायकोने मुकाट्याने खलबत्ता पुढे केला. लेक लिंबं चिरायला बसली. वर्षभर पातळ, पांचट गिळणाऱ्या या गृहस्थांना सकाळीच डॉक्टरांनी तिखटाची परवानगी दिली होती आणि त्यांनी घरी येता येता बाजार गाठला होता.

लसूण, कोथिंबिरीच्या काड्या, बोटाच्या पेराएवढ्या लाल मिरच्या. आधी मीठ घालून ठेचायचं, मग ताडगूळ, मग फिश सॉस, लिंबू सगळ्यात शेवटी. हा थाई सॉस त्याला लांबच्या एका बंदरात खानावळ चालवणाऱ्या बाईने शिकवला होता. क्रम चुकला की ती हातावर चमचा मारायची. मिरचीचा खकाणा नाकात गेला, तसा तो सुखाने शिंकला.

"बाबा, मिरच्या जरा कमी टाका ना."

"कमी? तुझी आई मिरची काकडीसारखी खाते. तिच्या जिभेला काही लागायला नको?"

खोटं नव्हतं ते. तिखट खाण्यात तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. आपल्या दुखण्यापायी घरच्यांच्या तोंडची चव गेली नाही, हेच त्याला वर्षभर मोठं समाधान होतं. त्याचं जेवण झालं, तो आडवा झाला, की मायलेकी मागाहून आपलं वेगळं झणझणीत खायच्या. बायकोच तसं सांगायची.

उकडलेल्या माशाचा तुकडा त्याने वाटीत बुडवला. जिभेची चवच गेली असेल तर? दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आंबट लागलं. मग गोड. मग तिखट आलं, थोडं झोंबलं, पण घशाखाली उतरलं.

"लागतंय गं," तो म्हणाला. "सगळं लागतंय!"

ज्या देवाशी त्याचं कधी फारसं पटलं नव्हतं, त्याचेही त्याने मनोमन आभार मानले. मग वाटी बायकोपुढे सरकवली. तिने नेहमीच्या ऐटीत तुकडा चांगला घोळवून तोंडात टाकला.

आणि तिला असा ठसका लागला की बोलता येईना. डोळे लाल, नाकातून पाणी. पाठोपाठ लेकीनेही एक तुकडा खाल्ला आणि हायहुय करत ती नळाकडे धावली.

त्याने घाईघाईने बायकोच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"अगं, तू तर रोज झणझणीत खात होतीस ना?"

बायकोने मान फिरवली. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, वर्षभर या घरात मिरची आलीच नाही. आई म्हणायची, वास आतल्या खोलीपर्यंत जातो."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही घास गिळला असता?" पाण्याचा पेला तोंडापासून दूर करत बायको म्हणाली.

त्याने ताडगुळाचा खडा उचलला.

"आण ती वाटी. तुझ्यापुरतं फिकं करतो."

"खबरदार!" तिने वाटी स्वतःकडे ओढली आणि नाक पुसत दुसरा तुकडा बुडवला.