घोट्याची दोन हाडं

आईने कढईतून मेंढीच्या मागच्या दोन्ही तंगड्या काढून परातीत ठेवल्या, आणि सायकालचा हात आपोआप पुढे गेला.

तिने तो अर्ध्यातच थांबवला.

घोट्याचं हाड जो आधी पकडेल त्याचं, असा नियम. मग ते घासायचं, लाल रंगवायचं, अंगणात रिंगण आखून त्या हाडाने दुसऱ्यांची हाडं उडवायची. धाकट्या भावाचा, तिमिरलानचा, हात कायम तिच्याआधी पोचायचा. "ताई, तुझा प्रोसेसर फारच जुना आहे गं," असं वर ऐकवायचा.

आज त्याला जाऊन चाळीस दिवस झाले. ही मेंढी चाळिसाव्याच्या जेवणासाठी त्याच्याच नावाने कापलेली. बाहेर गालिच्यांवर पाहुणे बसले होते.

चाळीस दिवस सायकाल एकेक सवय पुसत होती. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने यादीच केली होती. बग एक: चहाचे पेले चार मांडणे. दुरुस्त. बग दोन: शाळेतून आल्यावर दारातूनच "ए माकडा!" अशी हाक मारणे. दुरुस्त, तिसऱ्या प्रयत्नात. बग सात: झोपेत त्याचं पांघरूण ओढणे. त्याचं पांघरूणच कुणाला तरी देऊन टाकलं, तेव्हा तो बग आपला आपणच गेला.

कारण एक जरी बग निसटला तरी आई दिवसभर जेवायची नाही. आणि आज सकाळी तिने कितीतरी दिवसांनी अख्खा पाव खाल्ला होता.

"काय गं, हात भाजला का?" आत्याने विचारलं.

"नाही. हँग झालेय."

आत्या हसली. आईसुद्धा, जराशी.

आईने सराईतपणे सुरी फिरवून मांस सोडवलं, दोन्ही हाडं फडक्याने पुसली, परातीच्या काठावर ठेवली आणि मान वर न करताच म्हणाली, "एक तुझं, एक त्याचं. आणि भांडायचं नाही, सांगून ठेवते."

सुरी थांबली. कढईतला आत्याचा डाव थांबला.

सायकालने एक हाड उचललं. त्यातल्या त्यात लहान होतं ते.

"बघ ना आई," ती कुरकुरली, अगदी नेहमीच्या आवाजात, "मोठं त्यानेच घेतलं!"

आई परातीच्या काठावर उरलेल्या हाडाकडे बघत राहिली.

"घेऊ दे गं," ती म्हणाली. "आज घेऊ दे त्याला."