लांबचं फिकट

"लांबचं फिकट रंगवायचं, किती वेळा सांगू? हा माणूस केवढा काळा केलास!" ओटमार खेकसला.

"मी माणूस काढलाच नाहीये, पपा! चष्मा पुसा जरा." हायकेनं ब्रश आपटला.

माळ्यावर म्हाताऱ्यानं छोटी रेल्वे मांडली होती आणि तिच्यामागच्या भिंतीवर हायके त्याचं गाव रंगवत होती. खरं गाव कोळशाच्या खाणीनं कधीच गिळलं होतं. डोळे पुरते जायच्या आत त्याला ते एकदा बघायचं होतं, म्हणून ती रोज बोलणी खात रंगवायची.

पण माणूस खरंच होता. चर्चजवळच्या वाटेवर, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनं त्याच्यावर फिकट निळा फासला.

दुसऱ्या दिवशी तो अलीकडे पुलावर होता, बोटाएवढा, आणखी गडद.

"तुम्हीच काढताय ना हा, मुद्दाम मला छळायला?" ती ओरडली. तिनं रंगाचे दोन हात दिले.

तिसऱ्या दिवशी तो रुळांच्या कडेला होता, वीतभर उंच, काळाकुट्ट. तिनं हात लावून पाहिला. बोटाला रंग नाही, कोळशाची भुकटी लागली.

चौथ्या दिवशी दुपारी ती केक घेऊन वर आली, तर भिंतीवर वाट मोकळी.

"गेला एकदाचा मेला!" तिला हायसं वाटलं.

"गेला कुठं?" ओटमार कोट चढवून बसला होता. चष्मा काढलेला, नजर तिच्या खांद्यावरून जिन्याकडे. "दारात आडवी उभी राहू नकोस गं, त्याला आत येऊ दे. मला आता निघायला हवं."