कुलपावरून माणूस

"घर कुणाच्या नावावर?" कुलूपवालीने पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"माझ्या," चष्मेवाली म्हणाली. "भाडं मी भरते ना. नवऱ्यानेच करार माझ्या नावावर करून घेतला. म्हणाला, एवढा विश्वास कोण टाकतं हल्ली."

"मोठ्या मनाचा आहे." कुलूपवालीने स्क्रूड्रायव्हर काढला.

चष्मेवाली दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायची. आपला नवरा दुसरीकडे राहायला गेलाय, हे मात्र तिला सगळ्यात शेवटी दिसलं. आधी शर्ट गेले, मग बूट, मग इस्त्री. इस्त्री गेली तेव्हा तिला शंका आली. तिकडे बिनसलं की तो तोंड पाडून परत यायचा. दोनदा तिने दार उघडलं होतं. आज सकाळी पुन्हा निरोप आला: संध्याकाळी येतो, जेवायला काहीतरी हलकं कर.

ते 'हलकं' तिच्या जिव्हारी लागलं. ती तणतणत दाराबाहेर आली, तर समोरच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर कागद: कुलपं उघडून व बदलून मिळतील. खाली नंबर. अख्ख्या इमारतीत असा कागद दुसरीकडे कुठेच नव्हता. या मजल्याचंच नशीब. रोज दिसायचा, आज तिने तो वाचला.

कुलूपवालीने दार किंचित वर उचलून ढकललं. ते मुकाट्याने लागलं. चष्मेवालीला आजवर खांदा मारल्याशिवाय ते लावता आलं नव्हतं.

"कसं कळलं तुम्हाला?"

"दारं बोलतात हो." तिने दार उघडून जुनं कुलूप काढलं आणि उजेडात धरलं. "माणूस डावखुरा आहे. किल्ली आणि चिल्लर एकाच खिशात ठेवतो. उंच आहे, पण पोक काढून चालतो. आंघोळीला गेला की गातो."

"गातो, हे कुलपावरून?"

"गंज बघा ना."

चष्मेवालीने गंज बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"रात्री घोरतो. आणि सकाळी उठून तुम्हालाच विचारतो, किती घोरत होतीस गं."

चष्मेवाली उंबऱ्यावर मटकन बसली आणि हसत सुटली. कितीतरी दिवसांनी. हसता हसता तिला उचकी लागली. "ताई, कुलपं सोडा, भविष्य सांगायला बसा तुम्ही."

"भविष्य नाही येत. भूतकाळ तेवढा जमतो."

"मी काही बोलले ना, की म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस. पहिल्या बायकोबद्दलही हेच सांगतो. ती म्हणे एक दिवस रागाच्या भरात निघूनच गेली."

"किल्ली घेऊन गेली का?"

"आता ते कुणाला माहीत?"

"आमच्या धंद्यात विचारावं लागतं," कुलूपवाली म्हणाली आणि शेवटचा स्क्रू पिळला.

नवी किल्ली चष्मेवालीच्या हातात पडली, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दोघींनी दार लावून घेतलं. थोडं उचलून.

बाहेर चिल्लर खुळखुळली. किल्ली खुडबुडली. पुन्हा खुडबुडली.

"अगं, उघड ना. कुलपाला काय झालंय?"

चष्मेवालीचा हात सवयीने कडीकडे गेला. मग तिला गंज आठवला आणि तोच हात तोंडावर आला, हसू दाबायला.

"बदललंय," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "बाहेरच खाऊन घे. हलकं काहीतरी."

बाहेर पावलं समोरच्या भिंतीकडे वळली. मग कुलूपवालीच्या पिशवीतला फोन वाजला. वाटच बघत असल्यासारखं तिने तो उचलला.

"हो, कुलूपवालीच बोलतेय. समोरच्या भिंतीवर दिसला ना नंबर? बरं झालं. पत्ता नको, माहितीये मला." ती थोडं थांबली. "आवाज ओळखीचा वाटणारच. मागच्या वेळी तू हे कुलूप बदललंस, तेव्हा त्याच भिंतीला टेकून रात्रभर मीच बसले होते."

दाराबाहेर कुणीतरी किंचाळलं. तेच फोनमधूनही ऐकू आलं.

"असं काय करतोस रे," कुलूपवाली म्हणाली. "तू फार मनाला लावून घेतोस."