खंडेनवमीचा एक तास

एकेचाळीस देशांतील कारखान्यांचा कारभार एकाच संगणक-प्रणालीच्या स्वाधीन झाला, तेव्हा शिरवळच्या खोदयंत्र-कारखान्यातील वृद्ध फोरमन ओतारी यांनी तिच्याकडे एकच विनंती नोंदवली. खंडेनवमीला दुपारी बारा वाजता पूजेसाठी यंत्रे तासभर थांबावीत.

प्रणालीने कारण मागितले.

"काका, देखभाल लिहा," प्रणाली बसवणारी ऋजुता म्हणाली. "पूजा लिहिलीत तर नाकारेल. आणि एकट्या शिरवळला सवलत नाहीच; तिचा नियम सगळ्यांना एक."

"चाळीस वर्षं ज्या यंत्रांचं अन्न खाल्लं, त्यांच्या नावावर खोटं लिहू होय गं?"

त्यांनी 'कृतज्ञता' असे लिहिले. उत्तर आले नाही.

नवमीला ओतारी हळदकुंकवाचे तबक घेऊन चालत्या यंत्रांपुढे नुसतेच उभे राहिले. बारा वाजले आणि सारी यंत्रे शांत झाली. त्यांनी हात जोडले, तोच फोन वाजला. पोलंडच्या कारखान्यातील फोरमनबाईंचे बोलणे प्रणाली मराठीत ऐकवू लागली.

"आमचीही यंत्रे थांबली आहेत. सर्वच देशांत थांबली आहेत म्हणे. पडद्यावर कारण दिसते, कृतज्ञता, आणि खाली आपले नाव. आता आम्ही काय करावे?"

ओतारींनी तबक हळूच खाली ठेवले.

"ताई," ते म्हणाले, "झेंडूची फुलं मिळतील का हो तिकडे?"