बाबांच्या डोळ्यांची दुर्बीण

पक्षी महोत्सवाच्या पहिल्याच सकाळी आई बाबांची दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर उभी राहिली. बाबांचा उजवा डोळा अधू, म्हणून त्या बाजूच्या भिंगाची कडी त्यांनी आपल्या नजरेला जुळवून घेतली होती. ते गेल्यापासून आई कडीला कुणाला हात लावू देत नव्हती. "धुरकटच दिसणार तुला. फिरव की कडी," मी वैतागून म्हटलं. "राहू दे. त्यांच्या डोळ्यांची आहे ती." एवढ्यात गाइड कुजबुजला, "तो बघा, चमच्यासारख्या चोचीचा." याच पक्ष्यासाठी बाबा दर शरदात इथे यायचे आणि हात हलवत परतायचे. आईनं दुर्बीण डोळ्यांना लावली, खाली घेतली. अंगठा कडीवर ठेवून ती थांबली. मग तिनं कडी फिरवली आणि बराच वेळ पाहिलं. "आला हो तुमचा पाहुणा." दुर्बीण तिनं माझ्या गळ्यात घातली. "आता तुझ्या डोळ्यांना जुळवून घे."