मागचे नाल

पर्वत पाटिया भागातल्या तबेल्यात नालबंदानं वरातीत नाचणाऱ्या घोडीचा मागचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि दोन नाल पुढ्यात ठेवले. “हा पकडीचा, घोडी नाचेल, पण तिचे सांधे कामातून जातील. हा सपाट, सांध्यांना आराम, पण मागच्या पायांवर उभी राहिली की घसरेल. बोला बेन.” “सपाट,” मंगलाबाई म्हणाल्या. नवरा उसळला, “अगं, रविवारी कडोदऱ्याची वरात! ढोल ऐकला की ही आपसूक उभी राहते. नवरदेवासकट आपटेल ना!” ते खरं होतं. गुळाचे खडे भरवून ती सवय मंगलाबाईंनीच लावली होती. त्यांनी देवघरातला वातींचा कापूस आणला आणि घोडीच्या कानांत बोळे बसवले. नवऱ्यानं मोबाइलवर मोठ्यानं ढोल लावला. घोडी निवांत चारा चावत राहिली. “वरपक्षाला काय सांगू?” त्यानं विचारलं. “सांगा, घोडी नुसती चालेल. नाचायला वऱ्हाडी आहेत की!”